पाणी लहान होत नाही

माझे मामा पस्तीस वर्षं मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारी पोती, पेट्या, पिंपं मोजायची आणि वहीत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असं मारत जायचं, हे त्यांचं काम. इतकी वर्षं जहाजांच्या सावलीत काढली, पण जहाजाकडे त्यांनी कौतुकाने कधी पाहिलं नाही. हलवायाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला पेढ्याचं काय अप्रूप! निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना जहाजांवाचून चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं, आणि त्यावर उपाय म्हणून घरात केबल आली.

संध्याकाळ मामींच्या मालिकांची, दुपार मामांची, अशी वाटणी होती. दुपारी इंग्रजी वाहिन्यांवर काय वाटेल ते लागायचं. त्यात खास टीव्हीसाठी काढलेले, बेताच्या पैशांत उरकलेले युद्धपट पुष्कळ. विमानांचे असत, रणगाड्यांचे असत. मामांचा अंगठा थांबायचा तो जहाजावर. त्यातून ते जहाज बुडणार असेल तर विचारूच नका. मी तेव्हा कॉलेज संपवून नोकरी शोधत होतो, म्हणजे दुपारी रिकामाच होतो. "ये रे, एक बुडतंय," असा त्यांचा फोन यायचा आणि मी जायचो.

मामा सिनेमा बघत नसत, तपासत. एकदा एक भलं मोठं मालवाहू जहाज पडद्यावर आलं. कप्तान गंभीर चेहऱ्याने सांगत होता की पोटात हजारो टन दारूगोळा आहे. मामा खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "खोटं बोलतोय. जहाज रिकामं आहे. केवढं वर आलंय बघ पाण्याच्या!" जहाजाच्या दोन्ही टोकांना पाणी कुठवर चढलंय ते सांगणारे आकडे रंगवलेले असतात, हे मला त्या दुपारी कळलं. त्यानंतर बुडणाऱ्या कुठल्याही जहाजाकडे मी निष्पाप नजरेने पाहू शकलेलो नाही.

थोड्या पैशांत जहाज बुडवण्याच्याही काही ठरलेल्या रीती आहेत, आणि आठ-दहा जहाजं बुडालेली पाहिली की त्या पाठ होतात. पाणतीर लागला की कॅमेरा डावीकडे कलतो आणि सगळे नट उजवीकडे झुकतात. एखादा नवखा चुकून भलतीकडे झुकतो. टेबलावर कप असेल तर मामा नटाकडे न बघता कपाकडे बघत. "चहा बघ, चहा." कप कललेला आणि चहाही कपाबरोबर तितकाच कललेला! जहाज खरंच कललं असतं तर चहा बिचारा सपाट राहिला असता. मग अचानक चित्र काळंपांढरं, दाणेदार होतं: नौदलाच्या जुन्या फितीतला खरा स्फोट तिथे जोडलेला असतो. दोन सेकंद खरी माणसं खऱ्या आगीतून धावतात आणि पुन्हा रंगीत नट येतात, केस विंचरलेले.

पाणबुडी ही या निर्मात्यांची कामधेनू. जहाज दाखवायचं तर डेक हवा, समुद्र हवा, आभाळ हवं. पाणबुडीला एक अरुंद बोळ, चार नळ्या, एक लाल दिवा आणि नटांच्या चेहऱ्यावर मारायला घाम एवढ्यावर भागतं. त्यामुळे अशा चित्रपटांत शत्रू पुष्कळ वेळ बोलत बसतो. त्याचं कुटुंब कळतं, त्याच्या शंका कळतात, त्याला संगीत आवडतं हेही कळतं. शत्रूकडे माणूस म्हणून बघण्याची ही उदारता कितीदा मनातून आली आणि कितीदा अंदाजपत्रकातून, देव जाणे.

आणि मग ते छोटं जहाज. हौदात सोडलेलं, सुताराने जीव ओतून केलेलं. शिड्या, तोफा, होड्या सगळं जागच्या जागी. तरी पहिल्या लाटेला कळतं की हे खेळणं आहे. हे कशामुळे होतं, याचा मी पुढे शोध घेतला. जहाज सोळा पटींनी लहान करता येतं; पाणी लहान करता येत नाही. थेंब असतो तेवढाच राहतो, आणि छोट्या तोफेशेजारी उडाला की तिच्या तोंडाएवढा दिसतो. यावर तोड म्हणून कॅमेरा वेगाने चालवतात. सोळाव्या हिश्शाचं जहाज असेल तर सोळाचं वर्गमूळ चार, म्हणून सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटी टिपायच्या आणि नेहमीच्या वेगाने दाखवायच्या. मग ती वीतभर लाट जड होते, सावकाश कोसळते, समुद्रासारखी वागायचा प्रयत्न करते. थेंब मात्र दाद देत नाही. ज्वाळेचंही तेच. शाळेत वर्गमूळ कशाला शिकवतात याचं हे एक सन्माननीय उत्तर मला फार उशिरा मिळालं.

मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पाण्याला लाच चालत नाही."

पैसे ओतले की सगळं साधतं असंही नाही. १९९७ साली आलेल्या 'टायटॅनिक' सिनेमाला वीस कोटी डॉलर लागले. मूळ जहाज पंचाहत्तर लाखांत बांधलं होतं. मधल्या महागाईचा हिशेब धरला तरी बांधण्यापेक्षा बुडवणं महाग पडलं. उलट १९५६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एनबीसीवर 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर'मध्ये त्याच टायटॅनिकवरचं नाटक चक्क थेट प्रक्षेपित झालं होतं. स्टुडिओत ३१ नेपथ्यं, १०७ कलाकार, खरंखुरं पाणी, आणि चुकलं तर पुन्हा घ्यायची सोय नाही. एका नेपथ्यातून दुसऱ्यात नट धावत असतील, ओल्या केबलींवरून कुणी घसरत असेल, आणि मधल्या रिकाम्या जागा निवेदकाने भरायच्या. मला हा प्रकार आपल्या घरातला वाटतो. युद्ध दाखवण्याची याहून स्वस्त युक्ती आपल्याकडे फार पूर्वी निघालेली आहे. अठरा अक्षौहिणी सैन्य, हत्ती, घोडे, रथ, आणि निर्मात्याचा खर्च काय? एक आंधळा राजा, एक सारथी आणि बसायला दोन आसनं. संजय बोलतो आणि कुरुक्षेत्र उभं राहतं. धृतराष्ट्राने कधी "हत्ती खोटा वाटतो" अशी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. मामा त्या जागी असते तर रथांची मोजणी मागितली असती.

अशाच एका दुपारी 'मिशन ऑफ द शार्क' लागला. १९९१ मध्ये सीबीएससाठी काढलेला टीव्हीपट. 'इंडियानापोलिस' नावाच्या अमेरिकन क्रूझरची गोष्ट, कप्तान चार्ल्स मॅकव्हे यांच्या भूमिकेत स्टेसी कीच. मामा नेहमीप्रमाणे आकडे शोधायला पुढे सरकून बसले. मी शेंगदाणे घेऊन बसलो.

गोष्ट खरी आहे आणि कुठल्याही लेखकाने रचली असती तर अतिरेकी म्हणून परत आली असती. १६ जुलै १९४५ ला हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं ते हिरोशिमावर पडणार असलेल्या अणुबॉम्बचे भाग घेऊन. डब्यात काय आहे हे जहाजावरच्या खलाशांना ठाऊक नव्हतं. दहा दिवसांनी, २६ जुलैला, टिनियन बेटावर माल उतरवला. तिथून ग्वाम, आणि ग्वामहून फिलिपीन्समधल्या लेयटेकडे, सोबतीला एकही जहाज नाही. ३० जुलैला मध्यरात्र नुकतीच उलटली असताना कमांडर मोचित्सुरा हाशिमोतो यांच्या 'आय-५८' या जपानी पाणबुडीने सोडलेले दोन पाणतीर लागले. ६१० फूट लांबीचं जहाज बारा मिनिटांत गेलं. त्यावर बाराशेच्या जवळपास माणसं होती. तीनशेएक जहाजाबरोबर गेली आणि नऊशेच्या आसपास पाण्यात उरली.

टीव्हीवाल्यांचा खर्चाचा भाग इथे संपतो. बारा मिनिटं. त्यानंतरचे चार दिवस फक्त पाणी, आभाळ आणि तेलाने काळे झालेले चेहरे. छोटं जहाज नको, वर्गमूळ नको. पाणी आहे तेवढंच असतं, माणूस आहे तेवढाच असतो. असल्या चित्रपटांची सगळी गरिबी अशा वेळी कुठे जाते कळत नाही. उलट जास्त पैसे असते तर त्यांनी इथेही काहीतरी उडवलं असतं असं वाटून जातं. शार्क नावात आहेत आणि समुद्रातही होते, पण बहुतेक माणसं गेली ती तहानेने, उन्हाने, जखमांनी आणि खारं पाणी प्यायल्यावर येणाऱ्या भ्रमाने.

मामांनी चहाचे कप तपासणं सोडलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते चिडलेले होते.

"यांना कुणी शोधत कसं नाही?"

मला तेव्हा उत्तर ठाऊक नव्हतं. नंतर वाचलं ते असं: जहाज लेयटेला पोचणार होतं त्या दिवशी पोचलं नाही, आणि ते आलं नाही याची नोंद घेणं कुणाचंच काम नव्हतं. युद्धनौका वेळेवर पोचल्या असं गृहीत धरायचं, आल्याचं कळवायचं नाही, अशी सूचना होती. तिच्यातून न आल्याचंही कळवायचं नाही असा सोयीचा अर्थ निघाला. फळ्यावर जहाज पोचलं आणि समुद्रात माणसं वाट बघत राहिली. पुढच्या खेपेला मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते उठून उभेच राहिले.

"टॅली नाही? बाराशे माणसं, आणि टॅली नाही? अरे, आमच्याकडे सोड्याचं एक पोतं कमी भरलं तर तीन मेमो यायचे!"

सुटका झाली तीही हिशेबाबाहेर. २ ऑगस्टला विल्बर ग्विन हा वैमानिक गस्तीवर होता. विमानामागे लोंबणाऱ्या एरियलचं वजन तुटलं म्हणून तो मागे जाऊन खाली वाकून बघत होता, तेव्हा त्याला पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. शत्रूची पाणबुडी समजून तो बॉम्ब टाकायला खाली आला, आणि मग त्याला डोकी दिसली. पटकथेत हा प्रसंग असता तर कुणीतरी "फारच योगायोग होतोय" म्हणून खोडला असता. त्यानंतर एड्रियन मार्क्स या वैमानिकाने, खुल्या समुद्रात उतरू नये असा नियम असताना, आपलं कॅटलिना विमान लाटांत उतरवलं आणि ५६ जणांना वर घेतलं. आत जागा संपली तेव्हा माणसांना पंखांवर बांधून ठेवलं. ते विमान मग उडू शकलं नाही, रात्रभर तिथेच तरंगत राहिलं. सगळे मिळून वाचले ३१६. बातमी वर्तमानपत्रांत आली तीही जपानच्या शरणागतीच्या धामधुमीत.

कुणीतरी जबाबदार हवं होतं, तर कप्तान वाचले होते. जहाज नागमोडी चालवलं नाही म्हणून मॅकव्हे यांच्यावर खटला भरला, आणि साक्षीला आणलं कुणाला? ज्याने पाणतीर सोडले त्या हाशिमोतोंना. ते म्हणाले, नागमोडी चालवलं असतं तरी मी बुडवलंच असतं. तरी मॅकव्हे दोषी ठरले. शिक्षा माफ झाली, डाग राहिला. मृतांच्या घरून त्यांना पत्रं येत राहिली, सणासुदीलाही. १९६८ मध्ये त्यांनी स्वतःला संपवलं. हातात खेळण्यातला एक छोटा नाविक होता असं सांगतात. या वाक्यापुढे मला काही लिहिता येत नाही, म्हणून पुढे जातो.

'इंडियानापोलिस'ची गोष्ट जगभर ज्यामुळे पसरली तो प्रसंग या टीव्हीपटाहूनही स्वस्त आहे. १९७५ चा 'जॉज'. त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो पडद्यावर पुष्कळ वेळ येतच नाही आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. त्याच सिनेमात रात्री होडीच्या केबिनमध्ये तिघे टेबलाशी बसलेले असतात आणि रॉबर्ट शॉ त्या चार दिवसांबद्दल बोलतो. नुसता बोलतो. जहाज नाही, समुद्र नाही. आमचा संजयच तो. त्याने सांगितलेली तारीख मात्र चुकलेली आहे, जुलैऐवजी जून, आणि हे माझ्या लक्षात यायच्या आधी ते कुणाच्या लक्षात आलं असेल हे सांगायला नको.

पण ती चुकीची तारीख फ्लोरिडातल्या एका अकरा-बारा वर्षांच्या मुलाने ऐकली आणि शाळेच्या प्रकल्पासाठी तो वाचलेल्या खलाशांना पत्रं लिहू लागला. मुलगा कागद जमवत गेला, प्रकल्प शाळेतून निघून अमेरिकन काँग्रेसपर्यंत पोचला. जपानात शिंतो पुजारी झालेल्या म्हाताऱ्या हाशिमोतोंनीही मॅकव्हेंच्या बाजूने पत्र लिहिलं. २००० मध्ये काँग्रेसने मॅकव्हे निर्दोष असल्याचा ठराव केला. नौदलाच्या वहीत ती नोंद २००१ मध्ये झाली. पंचावन्न-छप्पन्न वर्षांनी का होईना, आडवी रेघ पडली.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये ते जहाज सापडलं, साडेपाच हजार मीटर खोल. मामा तेव्हा ब्याऐंशीचे होते. नातवाच्या मोबाईलवर त्यांना फोटो दाखवला: निळ्याकाळ्या पाण्यात जहाजाची कूस, आणि तिच्यावर अजून स्पष्ट वाचता येणारा ३५ हा आकडा. मामांनी चष्मा वर करून, फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाले, "हे मात्र खेळण्यातलं वाटतंय."

त्याच संध्याकाळी मी त्यांना, नेहमी विचारायचं राहून गेलेलं, विचारलं. आपल्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, त्यांच्यालगत कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपं, वर सोन्याच्या विटा. अशी मांडणी मामांच्या वहीत एका पानावर राहिली नसती. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. 'जलपद्म' नावाचं अख्खं जहाज उचललं जाऊन धक्क्यावर येऊन बसलं. एक सोन्याची वीट मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या व्हरांड्यात पडली आणि त्याने ती परत केली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. शेकडो माणसं गेली. यावर कुणी टीव्हीपट केलेला माझ्या पाहण्यात नाही. मामा त्या वेळी नऊ वर्षांचे, मांडवीतल्या चाळीत राहणारे, म्हणजे अगदी उंबऱ्यावर.

"मामा, तुम्ही स्फोट पाहिलात?"

"नाही."

"घरी नव्हता?"

"होतो की. पण गॅलरीच्या टोकाला." ते थोडे लाजले. "संडासात बसलो होतो. एकदम पत्र्याचं दार उघडलं. मी कडी लावली होती, चांगली लावली होती, तरी उघडलं. आवाज मला आठवतच नाही बघ. टमरेल आठवतं. आपोआप वाजत होतं. मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय, म्हणून मी ओरडलो, कोण आहे रे!"

"आणि दुसरा स्फोट?"

"तेव्हा जिन्यात. चड्डी एका हातात." मामी आतून हसल्या. त्यांनी हे पूर्वी ऐकलेलं असावं. मामा मात्र हसत नव्हते. "वडील रात्री फार उशिरा आले. कापसाच्या राखेने पांढरे. आम्ही पाच भावंडं भिंतीला टेकून ओळीने झोपवलेली. त्यांनी कंदील खाली धरला आणि आम्हाला मोजलं. एकेकाच्या डोक्याला बोट लावून. मग बाहेर गेले, पाणी प्यायले, आणि परत येऊन पुन्हा मोजलं."

मी गंभीर झालेलो त्यांना आवडलं नसावं. म्हणून मी म्हटलं, मामा, याचा टीव्हीपट सहज निघेल. एक पत्र्याचं दार, एक मुलगा, एक कंदील. समुद्र नको, जहाज नको, स्फोट नुसता कानावर पडला तरी पुरे. कुणीही निर्माता उडी मारून घेईल.

मामांनी यावर बराच विचार केला. "चालेल," ते म्हणाले. "पण टमरेल पत्र्याचंच घ्यायला सांग. हे लोक पितळी घेतील बघ. पितळेचा आवाज वेगळा येतो."